वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि कंधारची शेवंती

लातूरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. या एकतीस वर्षांत माझ्या हातानं लावलेलं एकही झाड धड जगलं नाही. ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला कळू दिली नाही, आणि घरात ती सांगायची गरज नव्हती. घरची बाग तारामती बघायची. तारामती माझी बायको. तिचं शिक्षण दहावीपर्यंत, तेही कंधारला. परागीभवन म्हणजे काय ते सांगू का, असं मी विचारलं की ती म्हणायची, "मला कामं हायेत." पण तिनं जमिनीत काडी खोचली की ती फुटायची. का फुटली याची कारणं मी मागून सांगायचो, तोवर ती दुसरी काडी खोचत असायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी माझ्या सासूबाई गेल्या. मेव्हणा हैदराबादला असतो, त्यानं कंधारचं घर विकलं, त्यात त्याची काही चूक नाही. वस्तू वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा पितळेची भांडी, शिलाई मशीन, पाटल्या असं सगळं समोर मांडलेलं असताना तारामतीनं फक्त परसातली शेवंती मागितली. पिवळी, बारक्या पाकळ्यांची, झिपरी म्हणतात तसली. सासूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या त्या वर्षी त्यांनी ती लावली होती. दरवर्षी जुन्या बुंध्याला फुटवे येतात, ते वेगळे करून लावायचे, की पुढच्या वर्षीची झाडं तयार. म्हणजे साठ वर्षं ते एकच झाड चालत आलेलं होतं. तेलाच्या रिकाम्या डब्यात ती शेवंती घालून, डबा मांडीवर घेऊन तारामती एसटीनं लातूरला आली. "पहिल्या पुण्यस्मरणाला आईच्या फोटोला आईचीच फुलं घालायची," ती म्हणाली. "दुसरं मला कायबी नको."

उन्हाळ्यात तिनं फुटवे काढून सात कुंड्या केल्या. आणि आषाढात नांदेडहून फोन आला. आमची मुलगी विशाखा, तिचं दुसरं बाळंतपण, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. तारामतीला जावं लागणार होतं, आणि ते सरळ पुण्यस्मरणापर्यंत. जायच्या दिवशी तिनं मला त्या सात कुंड्यांसमोर उभं केलं.

"पाणी घालायचं. पोळ्यापर्यंत शेंडे खुडायचे. पोळा झाला की हात लावायचा न्हाई."

"अगं, मला शिकवतेस?"

"तुम्हालाच सांगून राहिले, म्हणून तर जीव थाऱ्यावर न्हाई," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

आता शहाण्या माणसानं सात कुंड्यांना पाणी घातलं असतं आणि वर्तमानपत्र वाचलं असतं. मी निवृत्त प्राध्यापक. माझ्या मनात आलं की नुसत्या सात कुंड्या काय, तारामती परत येईल तेव्हा कंपाउंडच्या आतली सगळी पट्टी फुलांनी भरलेली असली पाहिजे. पावसाळा सरताना आणि त्यानंतरही फुलणारी झाडं, मागं उंच, मध्ये मध्यम, पुढं बुटकी, आणि मधोमध सासूबाईंची शेवंती. मी एक तक्ता केला. त्यात झाडाची उंची, रंग, फुलण्याचा काळ आणि कुळ असे रकाने होते. कुळाचा रकाना कशासाठी होता हे आज मलाही सांगता येणार नाही. तो तक्ता पारदर्शक पिशवीत घालून मी नांदेड रोडवरच्या नर्सरीत गेलो.

ही नर्सरी करीमची. करीम माझा विद्यार्थी. बारावीच्या प्रात्यक्षिकात मी त्याला काठावर पास केलं होतं, कारण त्यानं झाडाचं शास्त्रीय नाव लिहायच्या जागी ते झाड कुठल्या मातीत चांगलं येतं ते लिहिलं होतं. आता तो टेम्पो घेऊन आंध्रातून रोपं आणतो आणि नर्सरी त्याची बायको बानो सांभाळते. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात कायम पाण्याचा पाइप.

"सर, कवा फुलायला पाहिजेत?" तिनं विचारलं.

"दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत."

"मग सोप्पं हाय. गुलबक्षी न्या, तेरडा न्या, सदाफुली न्या. पानी चुकलं तरी रुसत न्हाईत."

मी हसलो. सदाफुली! ती तर बसस्टँडच्या मागं उगवते. मी तक्ता बाहेर काढला आणि डेलिया, पिटुनिया, साल्विया अशी नावं वाचली. बानोनं पाइप खाली ठेवला.

"डेलिया, आत्ता? तुमच्या काळ्या मातीत, या पावसात? कंद सडून जाईल, सर."

मी तिला पाण्याचा निचरा या विषयावर पंधरा मिनिटं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन "बरं" म्हणाली. हे "बरं" मी घरी अडतीस वर्षं ऐकत आलोय, पण तेव्हा ओळखलं नाही.

डेलिया नऊ दिवसांत सडला. पिटुनिया एका रात्रीच्या पावसात चिखलात झोपला आणि उठलाच नाही. साल्वियाचं काय झालं ते कळलं नाही, एका सकाळी तो तिथं नव्हता. मी पुन्हा नर्सरीत गेलो, या वेळी तक्ता खिशात घडी घालून. बानोनं काही विचारलं नाही. तिनं कॉसमॉस आणि झेंडूची रोपं दिली, आणि मी मागितल्या नसताना तिनंच चार सदाफुल्या पिशवीत टाकल्या. "ह्या माझ्याकडून," म्हणाली. मी त्या नेऊन मोरीच्या मागं लावल्या, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही.

आणि काय सांगावं, या वेळी सगळं जगलं! पोळ्यापर्यंत मी शेंडे खुडले, पोळ्यानंतर हात लावला नाही. सासूबाईंची शेवंती गुडघ्याएवढी झाली, गच्च फुटली. मी रोज सकाळी नांदेडला फोटो पाठवायचो. विशाखाला मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा मी आधी अभिनंदन लिहिलं आणि लगेच खाली शेवंतीचा फोटो टाकला. तारामतीचं उत्तर आलं, "दोघीबी छान हायेत." मला एकतीस वर्षांत एवढा चांगला शेरा कुणी दिला नव्हता.

मग आले गणपती, आणि गणपतीबरोबर ग्यानोबा. ग्यानोबा आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं अतिशय धार्मिक. पहाटे फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या एका हातात आकडी लावलेली काठी असते आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांच्या देवाला विकतची फुलं चालत नाहीत आणि घरची त्यांच्याकडे नाहीत. आमची जास्वंद आणि कण्हेर ते वर्षानुवर्षं नेत आले, तारामती काही बोलायची नाही. पण आता प्रश्न शेवंतीचा होता. आज ना उद्या तिला कळ्या येणार, आणि पुण्यस्मरणाच्या आदल्या पहाटे ग्यानोबा ती फुलं तोडून नेणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी त्यांना सरळ सांगू शकलो असतो की अमुक झाडाला हात लावू नका. पण मी भित्रा माणूस आहे. माणसाशी बोलण्यापेक्षा यंत्र बसवणं मला सोपं जातं. मी बाजारातून पन्नास वॅटचा मोठा दिवा आणला, अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की आपोआप बंद होणारा, आणि तो बरोबर शेवंतीच्या डोक्यावर बसवला. ग्यानोबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अमृतराव, लई भारी उजेड पाडलात. आता फुलं नीट दिसतेत."

दसरा जवळ आला. मोरीमागची सदाफुली फुलून आडवी झाली होती. शेवंतीला मात्र कळी नाही. कॉसमॉस माझ्या खांद्याला लागला, पण त्यालाही कळी नाही. झेंडूवर इथं-तिथं एखादं फूल, बाकी सगळा पाला. रोज संध्याकाळी तारामतीचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न एकच असायचा, कळ्या धरल्या का. पहिल्या दिवशी मी म्हणालो, धरतील. चौथ्या दिवशी म्हणालो, धरतायत. सहाव्या दिवशी तिनं व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मी मोबाईल लांब धरून भराभर फिरवला आणि म्हणालो, "हे बघ, कळ्याच कळ्या." खोटं एकदा बोललं की पुढचं काम सोपं होतं असं लोक का म्हणत असतील कोण जाणे, माझं तर अवघड होऊन बसलं. कारण तिनं लगेच हैदराबादला भावाला फोन केला होता, "यंदा ये रे, आईची शेवंती फुलून राहिलीय, तिच्या फोटोला घालू." आणि तो, जो घर विकल्यापासून एकदाही आला नव्हता, येतो म्हणाला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी शेवंतीची एक फांदी तोडून मी नर्सरीत गेलो. खरं तर भांडायलाच गेलो होतो. तुमचं खत भेसळीचं आहे, असं पहिलं वाक्यही तयार होतं. बानोनं फांदी हातात घेतली, उलटीसुलटी केली, पान चुरगळून वास घेतला.

"झाड तर मस्त हाय, सर. जवळपास दिवा हाय का?"

"आहे. बरोबर डोक्यावर," मी म्हणालो.

शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. दिवस लहान झाला, रात्र मोठी झाली, की ती कळी धरते, आणि रात्रीत उजेड पडला तर तिला रात्र झालीच असं वाटत नाही. हे मी एकतीस वर्षं दरवर्षी दोन तास शिकवलं. फळ्यावर दोन घड्याळं काढायचो, एक काळं, एक पांढरं. हा माझा आवडता धडा होता. वार्षिक परीक्षेत मी हा प्रश्न निदान दहा वेळा काढला असेल, आणि ज्यांना उत्तर आलं नाही त्यांच्या पेपरवर "अभ्यास वाढवा" असं लाल शाईनं लिहिलं असेल. कॉसमॉसही त्याच गटातला, तेही शिकवलं. आणि हा सगळा धडा ज्यानं पाठ म्हणून दाखवला असता, त्याच माणसानं शिडीवर चढून शेवंतीच्या डोक्यावर पन्नास वॅटचा सूर्य टांगला होता.

"बेंगलोरकडं फूल लग्नसराईपर्यंत मागं ढकलायचं असलं की शेतात बल्ब लावतेत," बानो म्हणाली. "तुम्हाला कशापायी ढकलायचं होतं?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"करीमनं. तुम्हीच शिकवलं म्हने त्याला. तो अजून म्हनतो, सरांनी शिकवलेलं एवढं एकच कामाला आलं."

मी तिथल्या उलट्या कुंडीवर बसलो. पुण्यस्मरणाला चोवीस दिवस होते. दिवा आजच काढला तरी फूल उमलायला सहा-सात आठवडे लागणार, हेही मी शिकवलेलंच होतं. तरी घरी जाऊन मी दिवा उतरवला आणि सातही कुंड्या मागच्या भिंतीशी नेल्या. रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्यावर काळी ताडपत्री टाकायची आणि सकाळी आठला काढायची, असा क्रम धरला. कुंड्या झाकताना मी त्यांच्याशी बोलू लागलो. कॉलेजात कुणी असं करताना दिसला असता तर मी त्याची चेष्टा केली असती. तेविसाव्या दिवशी शेंड्यांवर मोहरीएवढे हिरवे मणी दिसले. कळ्याच होत्या, शंका नाही. पण मोहरीएवढ्या कळीला फूल म्हणता येत नाही.

तारामती त्याच संध्याकाळी येणार होती. मेव्हणा दुसऱ्या दिवशी सकाळी. मी दुपारी बानोकडं गेलो आणि म्हणालो, पिवळी झिपरी पाहिजे, फुललेली. तिनं एक भरगच्च झाड काढून दिलं. कशाला हे विचारलं नाही, पण पिशवी देताना म्हणाली, "सर, बाईमाणसाला कळतं." मी घरी येऊन सातातल्या एका कुंडीतली शेवंती सोडवून बाजूला लावली आणि तिच्या जागी बानोची बसवली. माती दाबली, कडेला जुनं शेवाळ चिकटवलं, पाणी घातलं. हे मात्र मी अप्रतिम केलं. आयुष्यात पहिल्यांदा झाडाचं काम माझ्या हातानं इतकं सफाईनं झालं, की झाड बदलल्याचं कुणालाही ओळखू आलं नसतं. ती कुंडी मी पायऱ्यांपाशी ठेवली आणि वाट बघत बसलो.

सहा वाजता रिक्षा आली. तारामती उतरली, चार महिन्यांच्या जागरणानं डोळे आत गेलेले. पिशव्या तशाच फाटकापाशी टाकून ती सरळ कुंडीपाशी आली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी फुलं जवळ घेऊन तिनं त्यात तोंड घातलं.

"आई गं," ती म्हणाली. तिचे खांदे हलत होते.

बानोचं म्हणणं खोटं ठरलं होतं. तारामतीला कळलं नव्हतं. अडतीस वर्षांत मला तिला एकदाही फसवता आलेलं नव्हतं, किराणा दुकानातून येताना खाल्लेली भजीसुद्धा तिला वासावरून कळायची, आणि आज ती फसली होती. मी जिंकलो होतो. आता फक्त गप्प बसायचं होतं. उद्या ती ही फुलं आईच्या फोटोला घालील, भावाला दाखवील, पुढच्या वर्षी फुटवे काढून लावील, आणि ज्या झाडापाशी बसून ती आईशी बोलेल ते नांदेड रोडवरचं असेल. मला एकदम स्वतःची फार लाज वाटली.

"ती आईची नाही," मी म्हणालो. "बानोच्या नर्सरीतली आहे. आईची मागं आहे, ताडपत्रीखाली. फुलली नाही."

तिनं मान वर केली. चेहरा ओला होता. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, ग्यानोबा, दिवा, व्हिडिओ कॉल, आणि सांगता सांगता सवयीनं लांब रात्रीच्या धड्यावर घसरलो. हातानं हवेत घड्याळ काढायलाही सुरुवात केली.

"मला माहिती हाय," तारामती म्हणाली.

"काय?"

"भादवा लागला की आई परसातला दिवा बंद करायची. दिवाळीपर्यंत लावू द्यायची न्हाई. म्हणायची, शेवंतीला झोपू द्या, झोपली तरच फुलती. तिला कुणी शिकवलं नव्हतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तुम्ही कंधारला आलतात. तुम्ही दिवा लावलात. आई बंद करा म्हणाली, तर तुम्ही हसलात. सगळ्यांसमोर म्हणालात, झाडं कुठं झोपतेत का, ही अंधश्रद्धा हाय. ती पुन्हा तुमच्यासमोर झाडाचं कायबी बोलली न्हाई."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. अगदी काहीही नाही. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, तोच धडा शिकवत होतो, फळ्यावर तीच घड्याळं काढत होतो. सासूबाईंशी माझं पुढं सदतीस वर्षं छान जमलं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. त्या माझ्यासमोर फार बोलत नसत, तो त्यांचा स्वभाव आहे असं मी समजत होतो.

तारामती त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही. मागच्या अंगणात जाऊन तिनं ताडपत्री उचलून एकदा बघितलं आणि पुन्हा नीट झाकलं, कडेला विटा ठेवल्या. मी तिथं उभा होतो. तिनं मला वीट द्या म्हणूनसुद्धा सांगितलं नाही.

सकाळी मेव्हणा आला. तारामतीनं त्याला अंगणात नेऊन जे घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं, माझी बाजू न घेता आणि मला शिव्याही न घालता. तो माझ्याकडं बघून हसला नाही, हे जास्त लागलं. मग तिनं कात्री घेतली आणि आईच्या सातही झाडांचा एकेक शेंडा कापला. प्रत्येकावर हिरव्या मोहऱ्यांचा झुबका होता. सात हिरवे शेंडे तिनं दोऱ्यात बांधले आणि फोटोसमोर ठेवले. बानोची फुलं तिनं दाराच्या तोरणात घातली, ती वाया घालवणं तिला पटलं नसतं. फोटोत सासूबाई नेहमीसारख्या कॅमेऱ्याकडं न बघता जरा बाजूला बघत होत्या. नैवेद्य झाला. आधी मेव्हणा वाकला, मग तारामती, मग मी.

मी कपाळ टेकलं आणि ओठातल्या ओठात म्हणालो, "आई, चुकलं माझं."

मागून तारामतीचा आवाज आला. कालपासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मोठ्यानं म्हणा. तिला ऐकू कमी यायचं."

मी मोठ्यानं म्हणालो.